दातओठ खाऊन

पिंपळगाव बसवंत.
म्हणून पाहा, ओठ तीनदा मिटतात.
माझे नऊ महिने एकदाही मिटले नाहीत.

कानामागची गाठ काढली, चिंचोक्याएवढी,
आणि तिच्याबरोबर गेली चेहऱ्याची डावी बाजू.
चूळ भरली की पाणी ब्लाउजवर,
डावा डोळा झोपेतही उघडा,
जणू रात्रपाळीचा वॉचमन.
जुन्या सीबीएसच्या फलाटावर मी ओरडायचे
'इंहळगाव, इंहळगाव असवंत'
आणि एक कॉलेजचा पोरगा हसला.
त्याला तिकीट दिलं, सुट्टे दिले.
माझी उजवी बाजू त्याच्यासोबत हसून मोकळी झाली,
जुनी सवय.

मग डेपोनं मला पासच्या खिडकीत बसवलं.
घरी पूर्वाला हाक मारायची तर पहिल्याच अक्षराला हवा निसटायची,
म्हणून नुसतं 'ए'.

टिळकवाडीत डॉक्टर निकुंभ म्हणाले, कागद आहे?
पर्समध्ये तिकिटाचा रोल होता, कोरा.
त्यावर काढत गेले, रोल उलगडत गेला:
पोटरीतली नस घ्यायची,
उजव्या गालातून वरच्या ओठाआडून डावीकडे न्यायची,
ती रोज मिलिमीटरभर चालते,
वर्षभर तिची वाट बघायची,
मग मांडीतला स्नायू आणून तिला जोडायचा.
किंवा मांडीच्याच पडद्याची दोरी करून
ओठाचा कोपरा नुसता वर टांगायचा.
हलणार नाही. लोंबणारही नाही.
आणि डोळा मिटावा म्हणून पापणीत सोन्याचं वजन, ग्रॅमभर.

सासूबाईंनी विचारलं, किती कॅरेट?

भाऊ दौलत सोबत आला होता, त्याची चार एकर द्राक्षं.
ही तर कलमं, तो म्हणाला, खुंटावर डोळा भरतो तशी.
किती धरतात?
डॉक्टर म्हणाले, तुमची किती धरतात?
शंभरात ऐंशी-नव्वद. हवामान बरं असलं तर.
मीही असंच सांगतो, डॉक्टर म्हणाले.

मग पेन ठेवून माझ्याकडे वळले.
तुमच्या चेहऱ्याचे स्नायू झोपलेत, मेलेले नाहीत.
फार उशीर केला तर मरतील.
आत्ता असाल तर जवळचा रस्ता आहे.
गालात चावायची एक नस असते,
तिची फांदी हसण्याला जोडू.
दात दाबलेत की हसू येईल.

म्हणजे दातओठ खाऊन हसायचं?

डॉक्टर हसले.
दोन्ही बाजूंनी.

टाके निघाले. पापणीत सोनं बसलं.
चार महिने आरशात काहीच नाही,
नुसती मी, दात दाबणारी.
पाचव्यात एका रात्री जेवताना
पूर्वा घास हातात धरून थांबली.
आई, तू भाकरीला हसलीस.

तेव्हापासून मी सगळ्यालाच हसते.
शेंगदाण्याला, सुपारीला, शेवग्याच्या शेंगेला.
चुलतसासऱ्यांच्या दहाव्याला
सगळे रामकुंडावरून ओल्या अंगानं आलेले,
पंक्तीत मान खाली घालून जेवत होते
आणि मी एकटी, घासागणिक, हसत होते.
जावेनं पदर पुढे ओढायची खूण केली.
आगारप्रमुखानं रजेचा अर्ज परत फेकला
तेव्हा रागानं दात आवळले,
तर तो म्हणाला, यात हसण्यासारखं काय आहे, अहिरे?

डॉक्टर म्हणतात, मेंदू शिकतो हळूहळू,
एक दिवस न चावता येईल.
अजून आलेलं नाही.
हसू आलं की आधी ठरवावं लागतं,
मग चावावं लागतं,
तोवर विनोद पुढच्या थांब्यावर गेलेला असतो.

काल रात्री भांडी घासताना म्हणून पाहिलं.
पिंपळगाव अस्वंत.
तीनपैकी दोन.
ब अजून गळतो.

मग हात पुसले आणि आतल्या खोलीकडे
हाक मारली, पुरी, स्वच्छ,
पूर्वा.

आली नाही.
पुस्तकात मान घालून बसली होती,
तिला 'ए'ची सवय झाली आहे.